गोधडीचा फळा

तीस वर्षे मी फळ्यासमोर उभा राहून पोट भरले. परंतु फळा तयार कसा करतात हे मला गेल्या उन्हाळ्यापर्यंत ठाऊक नव्हते. ते ठाऊक करून घेण्याचा प्रसंग आला तो आमच्या आईमुळे. आणि तो फळाही खडूने लिहिण्याचा नव्हे, चिंध्या चिकटविण्याचा.

आईचे वय चौऱ्याऐंशी. तिचे माहेर कर्जत तालुक्यातले. त्या गावचे ग्रामदैवत गोदड महाराज. आषाढ वद्य एकादशीला कर्जतला महाराजांचा रथ निघतो, आणि आई लहानपणी त्या रथाला जात असे. त्या नावाचा आणि गोधडीचा खरा संबंध काय तो जाणत्यांनी सांगावा. माझ्या कानाला मात्र ते नाव ऐकताना नेहमी गोधडीच ऐकू येते, आणि आईच्या हातातली सुई डोळ्यांसमोर येते. घरातल्या प्रत्येक मुलाच्या जन्माआधी तिने दुपटे शिवले आहे. माझे शिवले, माझ्या मुलीचे शिवले. तीच मुलगी आता अमेरिकेत असते. तिला दिवस गेल्याचे फोनवर कळले, तेव्हा आईने अभिनंदनाचा एकही शब्द उच्चारला नाही. ती एवढेच म्हणाली, “माझी ट्रंक काढ.”

ट्रंकेत लुगडी होती. इरकली, नगरच्या मागावरची, आणखी कुठली कुठली. सगळी सुती, सगळी नऊवारी, आणि सगळी इतकी विरलेली की दिव्यासमोर धरली तर पलीकडचा माणूस दिसावा. नगर शहरात एके काळी पद्मशाली विणकरांच्या घरोघर हातमागांची खटखट चाले. ती आता जवळजवळ निमाली. जिल्ह्याचे नावही २०२४ साली अहिल्यानगर झाले. आई अजून नुसते ‘नगर’ म्हणते, आणि लुगड्यांनाही ‘नगरची’ एवढेच विशेषण लावते. एकेक घडी उलगडीत ती बोटाने दाखवी: “हे पदराकडचं उन्हानं पांढरं पडलं बघ. निऱ्यांच्या आतला रंग मात्र जसाच्या तसा.” एकाच लुगड्यात हिरव्याच्या चार छटा असतात आणि त्या विकत मिळत नाहीत, हे मला छप्पन्नाव्या वर्षी प्रथमच कळले.

कापड होते, सुई होती, हौस होती. नव्हती ती जमीन.

गावाकडे गोधडी जमिनीवर जन्माला येई. चैत्र-वैशाखात शेतीची कामे थांबली की ओटी सारवून घ्यायची. तीवर दंड घातलेले जुने लुगडे अस्तर म्हणून पसरायचे. चार कोपऱ्यांवर पाटा, वरवंटा आणि दोन दगड ठेवायचे. मधे जुनेराच्या घड्या अंथरायच्या आणि वरून तुकड्यांची मांडणी करायची. मधला चौक, भोवती पट्ट्या, कडेला शंकरपाळे. मग शेजारपाजारच्या चौघीजणी चार बाजूंना बसत, आणि कडेपासून निघालेला धावदोरा फेऱ्या घेत घेत मध्याकडे सरके. आई सबंध मांडणी उभ्याने बघून घेई, वाकून एखादा तुकडा बदली, पुन्हा उभी राही. आता खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर तिला जमिनीवर बसण्याची मनाई आहे, आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात पसरण्याजोगी जमीनच नाही. जी आहे ती खुर्च्यांच्या पायांनी आधीच वाटून घेतलेली आहे.

प्रथम जेवणाचे टेबल योजून पाहिले. दर जेवणाला चौक मोडू लागला. मग पलंग. दिवसभर आई काठी टेकून पलंगाभोवती फिरे आणि तुकडे लावी. रात्री त्याच पलंगावर तिला निजायचे असे. पत्नीने युक्ती काढली, झोपण्याआधी मांडणीचा फोटो घ्यावा. सकाळी आईने तो पाहिला आणि म्हणाली, “ह्यात सगळं काडेपेटीएवढं दिसतंय. ह्यातनं मी काय ओळखू?” तुकडे गोळा करून पिशवीत भरताना तिच्या तोंडावर जी खिन्नता येई ती मला पाहवेना. लिहिलेले पान रोज संध्याकाळी पुसायचे आणि सकाळी आठवून पुन्हा लिहायचे, असे कोणी मला सांगितले असते तर मी लेखन केव्हाच सोडले असते. (काही वाचकांना त्यात लाभच दिसेल.)

अशा वेळी मला खादी बोर्ड आठवला. अध्यापक विद्यालयांतून शैक्षणिक साधनांत तो शिकवीत: लाकडी फळीवर खादी किंवा फलालीन ताणून बसवायचे, चित्राच्या पाठीला काचकागद डकवायचा, आणि चित्र नुसते टेकवले की ते राहते. टाचणी नको, डिंक नको. सुती तुकड्याला तर काचकागदही लागत नाही. फलालिनीची लव आणि सुताचे बारीक तंतू एकमेकांत गुंततात आणि तुकडा उभ्या फळ्यावरही स्वस्थ बसतो. मुलीला फोनवर हे सांगितले तर ती हसली. अमेरिकेत गोधड्या शिवणाऱ्या बायका सबंध भिंतच अशी मढवितात म्हणे. आमच्या भिंती घड्याळ, कालनिर्णय, पुस्तकांची मांडणी आणि दोन पिढ्यांचे फोटो यांनी अडविलेल्या. तेव्हा फळा असा हवा, की दिवसा आईच्या खुर्चीसमोर उभा राहील आणि रात्री मांडणी न मोडता मिटून कपाटामागे जाईल.

मी पुठ्ठ्यापासून आरंभ केला. वळवाचा एक पाऊस येऊन गेला आणि दमट हवेने पुठ्ठा पापडासारखा वाकला. मग थर्माकोल आणला. तो हलका खरा. पण काठीचा एक धक्का लागताच त्याचे तुकडे झाले, आणि त्याचे पांढरे मणी पुढे आठ दिवस आम्ही ताकात, चष्म्यावर आणि उत्तरपत्रिकांत वेचीत होतो. शेवटी सुताराकडे गेलो. चार मिलिमीटर प्लायवूडचा चार फूट औरस-चौरस तुकडा घेऊन त्याने त्याच्या दोन फळ्या करून दिल्या, प्रत्येकी चार फूट लांब आणि दोन फूट रुंद. दोन्ही मिळून वजन साडेतीन किलोंच्या आसपास. तो बिजागऱ्या ठोकायला निघाला होता, पण मी थांबविले. धातूच्या बिजागरीने मधोमध उंचवटा येतो आणि तिथला तुकडा तिरपा बसतो. जुन्या जमाखर्चाच्या वहीला पाठीवरून जशी कापडाची पट्टी असते तशी जाड मांजरपाटाची पट्टी मी दोन फळ्यांना मागून फेव्हिकॉलने चिकटविली. फलालीन मात्र दर्शनी बाजूस चिकटवायचे नाही. सरस लागला की लव ताठ होते आणि तिचा गुण जातो. म्हणून कापड ताणून कडा मागे दुमडायच्या आणि तिथेच पक्क्या करायच्या. रंग पांढरा; त्यावर लुगड्यांचे रंग खरे दिसतात.

पहिल्या रात्री आम्ही मोठ्या समारंभाने फळा मिटला. सकाळी उघडला तो डावीकडचे निम्मे शंकरपाळे उजवीकडे जाऊन बसलेले! फलालीन दोन्हीकडे, तेव्हा तुकड्याने कोणत्या बाजूला राहावे याविषयी त्याच्यावर सक्ती ती काय? यावरचा उपाय पत्नीला सुचला. गेल्या वर्षीच्या दिनदर्शिकेची गुळगुळीत पाने मिटण्यापूर्वी मधे घालायची. गुळगुळीत कागदाला काहीच चिकटत नाही. आणखी एक शोध आईचा. शेजारणीने प्रेमाने आणून दिलेला नायलॉनच्या साडीचा तुकडा फळ्यावर टेकविताच सरकन खाली आला. खणाच्या जरीच्या काठानेही तेच केले. आई प्रसन्न होऊन म्हणाली, “बघ, तुझ्या फळ्यालाबी कळतं, गोधडीत काय चालतं ते!”

आता माझी अपेक्षा अशी, की आठवडाभरात मांडणी ठरेल आणि टाके पडू लागतील. कामिका एकादशीनंतरच्या आठवड्यात व्याही अमेरिकेस जाणार होते. दुपटे त्यांच्याबरोबर जायचे होते. आई रोज सकाळी खुर्चीत बसे, फळ्याकडे पाही, डोळे अर्धवट मिटी. डोळे किलकिले केले की रंग विरघळतात आणि नुसता उजेड-अंधार उरतो; गडद तुकडे एकाच बाजूला गोळा झाले असतील तर ते लगेच कळते. हे ज्ञान चित्रकलेच्या वर्गात शिकवितात. आईला ते कोणी शिकविले नव्हते. मग ती एक हिरवा काढी, तांबडा लावी. दुपारी तांबडा काढी, हिरवा लावी. जेष्ठ संपला. आषाढ लागला. फळ्यावर रोज नवी गोधडी आणि सुई पेटीतच.

मी या प्रकारावर विचार केला आणि, माझ्या धंद्याला साजेसे, एक तत्त्व शोधून काढले. ओटीवरच्या गोधडीला संध्याकाळची मुदत होती. दिवेलागणीला तिथे माणसे निजायची. तेव्हा मांडलेले त्याच दिवशी टाचणे भाग होते. माझ्या फळ्याने ती मुदतच काढून घेतली. जे मिटून ठेवता येते ते उद्यावर टाकता येते. हे तत्त्व मला फार आवडले. ते मी शिक्षकांच्या खोलीत दोघांना ऐकविले आणि दोघांनाही आपापले अपुरे प्रबंध आठवले. घरी पत्नीला ऐकविले, तेव्हा ती भाजी चिरीत होती. वर न पाहता ती म्हणाली, “अहो, आईंचं कशासाठी अडलंय, ते त्यांनाच विचारलंत का?”

विचारले नव्हते.

संध्याकाळी आईजवळ बसून विचारले. ती बराच वेळ फळ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “अरे, तुझ्या ह्या फळ्यावर गोधडीचं तोंड दिसतं. पोट कुठं दिसतं?”

ट्रंकेच्या तळाशी वडिलांची दोन धोतरे होती. त्यांना जाऊन बारा वर्षे झाली. बाकीची धोतरे वाटली गेली, ही दोन तिने ठेवली. पोटात घालायला धोतरासारखे मऊ काही नाही. माझ्या मुलीच्या दुपट्यातही त्यांचेच धोतर होते, पण तेव्हा ते अंगणात बसून सुपारी कातरीत होते. आता हे घातले तर ते समुद्रापलीकडे जाणार. न घातले तर पणतवंडाच्या अंगाला पणज्याचे काहीच लागणार नाही. दीड महिना ती हाच हिशेब करीत होती आणि हात मात्र हिरवे-तांबडे हलवीत होते. मी ते रंगसंगतीचे कोडे समजलो होतो. इतकेच नव्हे, एकदोनदा सूचनाही केल्या होत्या.

त्या रात्री मला मिसूरी पेटवेची गोधडी आठवली. अमेरिकेतल्या अलाबामा संस्थानात जीज बेंड म्हणून काळ्या शेतकऱ्यांची वस्ती आहे; तिथल्या बायकांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि मोठमोठे टीकाकार त्यांपुढे चकित होऊन उभे राहिले. मिसूरीचा नवरा वारला तेव्हा, १९४२ साली, तिने त्याचे शेतात घालायचे कपडे उसवून त्यांची गोधडी केली, ती पांघरून निजावे म्हणून. विजारींचे गुडघे, उडालेले रंग, सगळे दर्शनी बाजूला. आज ते लोक चित्र म्हणून पाहतात. मी हे आईला सांगितले आणि सुचविले, की धोतराचा एक चौक मधोमध लावावा, सर्वांना दिसेल.

“दिसायला कशाला पायजे?” आई म्हणाली. “त्यांना कुठं मिरवायची सवय होती?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने एक धोतर काढून पत्नीच्या हाती दिले आणि चौघडी करायला सांगितले. दुसरे परत ट्रंकेत ठेवले. मी नुसता पाहत होतो, तरी ती म्हणाली, “ते राहू दे. पुढं मला लागंल.” कशासाठी, ते मी विचारले नाही.

मग मात्र मांडणी एका दुपारीच ठरली, आणि ती जवळजवळ पहिल्या दिवसाचीच होती. फळा टेबलावर आडवा ठेवून पत्नीने तुकडे ओळीने उचलले, कच्चे टाके घालून दिले. पुढचा धावदोरा आईने खुर्चीत बसून, मांडीवर उशी घेऊन घातला. माझ्याकडे सुईत दोरा ओवण्याचे काम होते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतरही आईला सुईचे नाक दिसत नाही, आणि मलाही चष्म्याशिवाय दिसत नाही. टाके पूर्वीइतके सरळ नाहीत. एका कोपऱ्यात धावदोरा वाट चुकून शंकरपाळ्यातून आडवा गेला आहे. उसवू का, असे पत्नीने विचारले, तर आई म्हणाली, असू दे. एकादशीच्या दिवशी, कर्जतला रथ निघण्याच्या सुमारास, शेवटची फेरी मध्यापाशी येऊन मिळाली.

दुपटे गेले. मुलीने ते वासासकट पोचल्याचे कळविले. ट्रंकेतल्या डांबरगोळ्यांचा वास. धोतराविषयी तिला आम्ही काही सांगितलेले नाही. सांगायचे तर आईने सांगावे.

फळा कपाटामागे आहे. वरच्या मजल्यावरच्या एक मावशी परवा येऊन त्याचे माप घेऊन गेल्या. त्यांना पाच फुटी हवा आहे. मी म्हटले, पाच फुटी जिन्याच्या वळणावर फिरत नाही. त्यांना ते पटलेले दिसले नाही.