हुकूम कोण ठरवतो?

व्यापारातील स्पर्धेविषयी बोलू लागलो की आपली भाषा नकळत पत्त्यांच्या डावाकडे वळते. हुकमाचा एक्का, हातचे राखणे, डाव उलटणे. बेंगळूरमधल्या दीर्घ वास्तव्यात हे रूपक माझ्या कानांवर इतके पडले आहे की त्याचे रूपकपणच विसरायला व्हावे. परंतु समीक्षकाला रूपक दिसले की ते कुठवर पेलते हे पाहण्याची खोड असते. नॉयमन आणि मॉर्गनस्टर्न यांनी १९४४च्या आपल्या ग्रंथात पोकरमधील हुलकावणीचे गणित मांडले. व्यवस्थापनशास्त्रालाही पोकरच प्रिय. आपल्या घरांतला खेळ मात्र मेंढीकोट, आणि मला तो अधिक मार्मिक वाटतो.

मेंढीकोटाच्या एका प्रकारात आरंभी हुकूम नसतोच. इस्पिकची उतारी झाली आणि एखाद्याच्या हाती इस्पिकच नसले, तर तो नाइलाजाने जे पान टाकतो, त्याचा हुकूम होतो. म्हणजे हुकूम ठरतो तो कुणाच्या तरी उणिवेतून! जवळ सारे असलेल्याला हा अधिकार कधीच मिळत नाही.

२००३ साली बेंगळूरहून निघालेली एअर डेक्कन ही याच जातीची खेळी होती. सैन्यातून निवृत्त झालेल्या कॅप्टन गोपीनाथांकडे प्रस्थापित विमान कंपन्यांसारखा थाटमाट नव्हता. त्यांनी जेवण वगळले, हुबळीसारख्या गावी लहान विमाने नेली, काही तिकिटे तर एक रुपयालाही विकली. कंपनीचे बोधचिन्ह म्हणून लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ घेतला, हेही सूचकच. पाहता पाहता स्वस्त भाडे हाच हुकूम झाला. २००५-०६मध्ये स्पाइसजेट, गोएअर, इंडिगो त्याच हुकमाने खेळू लागल्या.

याच शहरातल्या किंगफिशरकडे चित्रांची पाने भरपूर होती. पण मेंढीकोटात राजा-राणीने हात मिळतात. मोजल्या जातात त्या दश्श्या. परदेशी उड्डाणासाठी देशांतर्गत सेवेची पाच वर्षे पुरी व्हावी लागत, आणि किंगफिशरचा जन्म २००५चा. डेक्कनची पाच वर्षे २००८मध्ये भरत होती. २००७मध्ये किंगफिशरने डेक्कनमधील मोठा वाटा घेतला, पुढे दोन्ही कंपन्या एक झाल्या, आणि सप्टेंबर २००८मध्ये बेंगळूर-लंडन विमान उडाले. एका दश्शीसाठी समोरच्याचा सबंध हातच विकत घेतला, असाच त्याचा अर्थ तेव्हा अनेकांनी लावला. त्या हाताबरोबर आलेला तोटाही अर्थातच पदरात पडला.

इथपर्यंत रूपक साथ देते. पुढे मात्र ते मला अपुरे, काहीसे निर्दयही वाटते. पत्ते हरले तरी पत्त्यांचे काही बिघडत नाही. पिसून पुन्हा वाटता येतात. २०१२च्या ऑक्टोबरात किंगफिशर जमिनीवर आली, तेव्हा वैमानिक आणि अभियंते कित्येक महिन्यांच्या थकलेल्या पगारासाठी संपावर होते. ‘डाव फसला’ असे आपण मालकाविषयी म्हणतो. या माणसांविषयी काय म्हणायचे, याला पत्त्यांच्या भाषेत शब्द नाही. ती खेळणाऱ्यांचीच भाषा आहे.

शिवाय घरच्या डावात मध्येच नियम बदलला तर आपण पाने टाकून उठतो. इथे तशी सोय नाही. ज्या पाच वर्षांच्या पानाला एवढे मोल आले होते, ते २०१६ साली सरकारने कॅटमधूनच काढून टाकले.