हलक्या हाताचे वजन

हलका यंत्रहात म्हणजे दोन माणसांनी उचलून एका मेजावरून दुसऱ्या मेजावर बसवावा इतक्या वजनाचा, सहा किंवा सात सांध्यांचा आणि दरवेळी नवे काम शिकवता येईल असा हात. 1961 साली मोटार कारखान्यात लागलेला युनिमेट नावाचा यंत्रहात सुमारे 1800 किलोचा होता, तर यूआर-5 हा हलका हात केवळ 18.4 किलोचा असून 5 किलोचा भार 850 मिलिमीटरपर्यंत नेतो. महाराष्ट्रात बजाज ऑटोने 2010 पासून असे हात जुळणीच्या ओळींवर आणले आणि पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली.

हा हलकेपणा बऱ्याच अंशी सांध्यातल्या गिअरमधून येतो. हार्मोनिक ड्राइव्ह नावाच्या या रचनेत पातळ पोलादी वाटीच्या कडेवर, समजा, 200 दाते असतात आणि बाहेरच्या कड्यात 202. आतून फिरणारा लंबगोल तुकडा वाटीला दोन बाजूंनी ताणून दाते अडकवत जातो, त्यामुळे मोटर 100 फेरे घेते तेव्हा वाटी उलट दिशेने एकच फेरा घेते. मुठीत मावेल एवढ्या जागेत मिळणारी ही शंभर पट ताकद अपूर्व आहे, पण तिच्यासाठी वाटीचे लवणे पत्करावे लागते, आणि जे लवते ते भाराखाली थोडे झुकते. म्हणूनच या हातांचे कसब ताकदीपेक्षा हिशेबात अधिक आहे.

हा हिशेब भारापासून सुरू होतो. पूर्ण लांब केलेल्या हाताच्या टोकाशी 5 किलो असले तर खांद्याच्या सांध्यावर सुमारे 42 न्यूटन-मीटरचे वळण, म्हणजे टॉर्क, पडते, आणि त्यात हाताच्या स्वतःच्या वजनाची भर असते. नियंत्रक हे सगळे आकडे धरून गुरुत्वाकर्षण तोलतो. मनुष्य हाताला धरून वाट दाखवतो, तेव्हा हात पिसासारखा वाटतो तो या तोलामुळेच. ग्रिपर, म्हणजे पकडणारा चिमटा, दीड किलोचा असताना एक किलो नोंदवला तर ब्रेक सुटताच हात खाली सरकू लागतो, आणि धडक ओळखणारी यंत्रणाही तो खोटा आकडाच खरा मानून चालते. ज्याच्या शेजारी माणूस उभा राहणार, त्या यंत्राला त्याच्या हातातले वजन चुकीचे सांगणे हा मोठाच अपराध होय.

हा हिशेब शिकवण्याची जागा म्हणजे लखनौच्या अलीगंजमधल्यासारखी शासकीय आयटीआय, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्था; उत्तर प्रदेशातल्या अशा 150 आयटीआयच्या आधुनिकीकरणासाठी पुण्याच्या टाटा टेक्नॉलॉजीजशी करार झाला. यंत्रहात जिथे शिकवला जाईल, तिथे यंत्रहात चालवायला देण्याआधी शिकणाऱ्याच्या हातात तराजू द्यावा, असे यंत्रहातांच्या कामातल्या माणसाला मनापासून वाटते: आधी ग्रिपर, त्याची केबल आणि पकडायचा सुटा भाग वेगवेगळे तोलावेत, मग हात चार निरनिराळ्या पवित्र्यांत थांबवून गुरुत्वमध्य, म्हणजे वजन जिथे एकवटले आहे असे धरतात तो बिंदू, काढावा, आणि शेवटी हात मोकळा सोडून तो जागीच स्थिर राहतो का, हे एक मिनिट पाहावे.