जन्मखुणेवर नवी गाठ आली तर?

"डॉक्टर, ती जन्मखूण आहे, तिचं काही नाही. त्यावर फोड आलाय, तेवढा बरा करा."

चौदा वर्षांच्या मुलीची आई असं म्हणाली आणि मीही फक्त फोडच पाहिला. कानाच्या वर, केस नसलेला, रुपयाएवढा पिवळसर चट्टा होता आणि त्यावर लालसर, ओलसर गाठ. केसातलं गळू समजून मी आठवडाभर अँटिबायोटिक दिलं.

गाठ तशीच राहिली. कंगवा लागला की रक्त यायचं. मग मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं ते विचारलं, "हा चट्टा पूर्वीपासून असाच आहे?" आईने मोबाईलमध्ये जावळाचा फोटो शोधून दाखवला. त्यात चट्टा अगदी सपाट होता. तो जाड आणि खडबडीत झाला होता गेल्या वर्षभरात.

अशा चट्ट्याला 'नीव्हस सिबेशिअस' म्हणतात. त्या जागी त्वचेतल्या तेलग्रंथी आणि केसांची मुळं यांची घडण जन्मतःच वेगळी असते. वयात येताना संप्रेरकांमुळे चट्टा जाड होतो. काहींच्या चट्ट्यात पुढे नवी गाठ तयार होते. बहुतेक गाठी साध्या असतात. कर्करोग क्वचित, तोही सहसा मोठ्या वयात.

त्वचारोगतज्ज्ञांनी तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्टची वाट पाहत असताना आईने हळूच विचारलं, "हिच्या वेळी ग्रहणात मी भाजी चिरली होती. त्यामुळेच ना?" चौदा वर्षं ती हे मनात घेऊन जगत होती. मी सांगितलं, गर्भ वाढताना एखाद्या पेशीच्या जनुकात आपोआप बदल होतो, त्यातून असा चट्टा येतो. ग्रहणाचा, विळीचा किंवा तुमचा त्यात काही दोष नाही.

रिपोर्टमध्ये 'सिरिंगोसिस्टअ‍ॅडिनोमा पॅपिलिफेरम' निघालं. नाव भयंकर, पण गाठ साधी, घामाच्या ग्रंथींसारख्या पेशींची. ती औषधाने जात नाही. शस्त्रक्रियेने चट्ट्यासकट काढली.

प्रत्येक जन्मखुणेला घाबरू नका. पण सपाट खूण जाड झाली, त्यावर गाठ आली, पाणी किंवा रक्त येऊ लागलं, जखम भरेना, तर डॉक्टरांना दाखवा. घरी चुना लावू नका, दोरा बांधू नका. आणि जाताना लहानपणचा एखादा फोटो सोबत न्या. माझ्यासारखा डॉक्टर विचारायला विसरला, तर तुम्हीच तो पुढे करा.