३१ मार्चपर्यंतची रायफल

माझ्याकडे एक रायफल आहे. .४५-७० बोअरची, लिव्हर-ॲक्शन. म्हणजे काऊबॉय सिनेमात चापाखालची कडी खाली-वर करून पुढचं काडतूस भरतात, तसली. दुकानात पूर्ण पैसे मोजले, बॅकग्राउंड चेक झाला, पावती माझ्या नावावर आहे. तरी ती माझी आहे ३१ मार्चपर्यंतच. त्या रात्री माझा कॉलोरॅडो राज्याचा शिकारीचा परवाना संपतो. तोवर नवा घेतलेला नसेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी तीच रायफल माझ्या घरात असणं हा केंद्रीय गुन्हा.

कारण मी एच-१बी व्हिसावर आहे. अमेरिकेत बंदूक मिळणं किती सोपं आहे यावर आपल्याकडे सगळ्यांचं एकमत असतं. पण तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या माणसाला इथला केंद्रीय कायदा बंदूकही बाळगू देत नाही आणि काडतूसही. त्याला मोजके अपवाद आहेत. त्यातला एक म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार-परवाना. एल्कच्या शिकारीचा परवाना ठरावीक हंगामापुरता असतो, म्हणून मी वर्षभराचा लहान शिकारीचा, म्हणजे ससे-खारी वगैरेंचा परवानाही घेतो. त्याचं वर्ष १ मार्चला सुरू होतं आणि पुढच्या ३१ मार्चला संपतं. थोडक्यात, तीनशे किलोच्या जनावरासाठी घेतलेली माझी रायफल सशांच्या परवान्यावर उभी आहे.

मला ती हवीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. टीममधला एक सहकारी दर ऑक्टोबरला डोंगरात जातो आणि एल्क मिळाला तर वर्षभर घरचं तेच मटण खातो. दोन वर्षं त्याच्याबरोबर मी नुसता ओझं वाहायला गेलो. मटणाचा वाटा मिळाला. तो मालवणी मसाल्यात शिजवताना वाटलं, आपण मटण खातो ते कुणीतरी मारलेलंच असतं. एकदा ते काम स्वतः करून बघावं. एवढंच कारण. स्वसंरक्षण वगैरे काही नाही.

आणि बंदूक मला परकी नव्हती. कणकवलीजवळच्या आमच्या गावात आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेती-संरक्षणाच्या परवान्यावरची. कोकणात असे परवाने खूप आहेत. रानडुकरं एका रात्रीत भात लोळवून टाकतात, माकडं नारळ पाडतात. आजोबा नळीत दारू ओतायचे, गजाने ठासायचे आणि बहुतेक वेळा हवेतच बार काढायचे. निवडणूक लागली की पोलीस ठाण्यातून निरोप यायचा आणि गावातले सगळे परवानाधारक आपापल्या बंदुका जमा करायला जायचे. निकाल लागेपर्यंत डुकरांना मोकळं रान. मी लहान असताना विचारलं होतं, आपली बंदूक त्यांना का द्यायची? आजोबा म्हणाले, "बंदूक आपली नसता रे. सरकारची असता. आपण नुसती सांभाळतो." ते गेल्यावर बाबांनी वारस म्हणून परवान्याचा अर्ज केला नाही. बंदूक जमा झाली ती परत आली नाही.

तर रायफल. कॉलोरॅडोत एल्कसाठी बरेच जण लांब पल्ल्याची बोल्ट-ॲक्शन आणि वर दुर्बीण घेतात. आम्ही जातो ते जंगल दाट आहे. ॲस्पेन आणि स्प्रूसच्या झाडीत शंभर यार्डांपलीकडे फारसं दिसतच नाही. तिथे आखूड, खांद्याला पटकन लागणारी लिव्हर-ॲक्शन बरी पडते. .४५-७० हे काडतूस १८७३ सालचं, अमेरिकन लष्करासाठी केलेलं. नावातच मापं आहेत: .४५ इंच व्यास, ७० ग्रेन काळी दारू. त्यावर ४०५ ग्रेनची शिशाची गोळी, म्हणजे २६ ग्रॅम. बायसनचे कळप संपवणाऱ्या शिकाऱ्यांनी ते वापरलं आणि मूळ रहिवाशांविरुद्धच्या लढायांत लष्करानेही. हा इतिहास डबीवर छापलेला नसतो, पण काडतूस हातात घेताना मला तो माहीत होता.

अभियंत्याच्या नजरेने हे काडतूस मजेशीर आहे. आजची .३०-०६ ची १५० ग्रेनची गोळी सेकंदाला २,९०० फुटांच्या आसपास सुटते. ही जुन्या चालीची ४०५ ग्रेनची गोळी सुटते १,३०० च्या थोडी वर. जड आणि संथ. शंभर यार्डांवर नेम बसवला तर दोनशेवर ती सुमारे दोन फूट खाली गेलेली असते. राज्याचा नियम असा, की मोठ्या जनावरासाठी गोळीत शंभर यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड ऊर्जा उरली पाहिजे. मी वहीत हिशोब केला, १,२०० च्या आसपास येते. नियमात बसते, पण शिकाऱ्याला जवळ जावं लागतं. मला तेच हवं होतं.

नवी मार्लिन १८९५ माझ्या बजेटबाहेर होती, दीड हजार डॉलरच्या घरात. मी घेतली ब्राझीलमध्ये बनणारी रॉसी आर९५. आतली रचना मार्लिनच्याच जुन्या घडणीची. २० इंची नळी, लाकडी दस्ता, नळीखाली दुसरी नळी, तिच्यात पाच काडतुसं एकामागे एक. ८२० डॉलर, वर विक्रीकर, आणि २०२५ पासून कॉलोरॅडोने बंदुकांवर लावलेला साडेसहा टक्के कर.

काउंटरवरच्या म्हाताऱ्याने फॉर्म ४४७३ समोर ठेवला. त्यात प्रश्न आहे: तुम्ही तात्पुरत्या व्हिसावरचे परदेशी आहात का? मी 'हो' वर खूण केली. तो थांबला. पुढचा प्रश्न अपवादाचा. तिथेही 'हो'. मी फाईल उघडली: पासपोर्ट, आय-९४, कॉलोरॅडोचं लायसन्स, सशांचा परवाना, हंटर एज्युकेशनचं कार्ड. त्याने परवान्याची प्रत काढून फॉर्मला जोडली आणि म्हणाला, तुमच्याइतकी कागदपत्रं घेऊन इथे कुणी येत नाही. मी म्हटलं, आम्हाला सवय असते. तपासणी मंजूर झाली तरी राज्याच्या कायद्याने तीन दिवस थांबावं लागतं. थांबलो.

त्या तीन दिवसांत घरात वेगळीच चर्चा चालू होती. आम्ही बोल्डरजवळ राहतो. २२ मार्च २०२१ ला बोल्डरच्या एका सुपरमार्केटमध्ये एका माणसाने दहा जणांना मारलं. त्या दुकानावरून आम्ही आठवड्यातून दोनदा जातो. बायको म्हणाली, "तू शिकार कर, मी शिजवेन, खाईन. पण ती वस्तू मी झोपते त्या घरात का?"

माझ्याकडे उत्तरं होती. ही अर्धस्वयंचलित नाही. प्रत्येक गोळीनंतर कडी हाताने पूर्ण खाली, पूर्ण वर करावी लागते. तिजोरी भिंतीतल्या खांबाला बोल्टने जखडलेली असेल, काडतुसं दुसऱ्या कुलपात. सगळी उत्तरं खरी होती, पण तिचा प्रश्न यंत्राबद्दल नव्हता.

त्यात आणखी एक गाठ निघाली. ती एच-४ वर आहे, म्हणजे तीही तात्पुरत्या व्हिसावरची, आणि तिच्याकडे शिकारीचा परवाना नाही. तिला रायफल उघडता येईल अशी सोय मी ठेवली तर ती बाळगल्याचा ठपका तिच्यावर येऊ शकतो. म्हणून तिजोरीचा कोड तिला सांगायचा नाही. लग्नाला चार वर्षं झाली, बँकेच्या पासवर्डपासून सगळं सामाईक आहे. आता घरात पाच फुटांचं एक लोखंडी कपाट आलं, जे तिने उघडायचं नाही. तिला राग आला नाही. ती म्हणाली, "म्हणजे या घरात परदेशी मी तुझ्यापेक्षा जास्त." मी काही बोललो नाही.

रायफल घरी आली आणि मी कामाला लागलो. कारखान्याचं तेल पुसून नळी साफ केली. कडी दोन-तीनशे वेळा चालवली. घाबरत अर्धवट ओढली तर काडतूस अडकतं, म्हणून हाताला पूर्ण ओढीची सवय लागावी लागते. दस्त्याला जाड रबरी पॅड लावलं. वरच्या मूळ खाचेऐवजी पीप साइट बसवली. हे एक छोटं लोखंडी कडं. डोळा आपोआप त्याच्या मध्यावर येतो. मग पुढची माशी जिथे, तिथे गोळी. तिचे स्क्रू अल्कोहोलने पुसले, निळ्या थ्रेडलॉकरचा एक थेंब दिला आणि एक रात्र सुकू दिले. या रायफलीचा धक्का इतका असतो की नुसते आवळलेले स्क्रू सुटू शकतात.

काडतुसांत एक गोष्ट विसरून चालत नाही. नळीत ती एकामागे एक बसतात. मागच्याचं टोक पुढच्याच्या प्रायमरला टेकलेलं. टोकदार गोळी असली तर धक्क्याने आतच बार होऊ शकतो. म्हणून या रायफलींना चपट्या नाकाची गोळी लागते, किंवा मऊ पॉलिमरच्या टोकाची. वीस काडतुसांची डबी मला पन्नास डॉलरच्या वर पडते. खांदा आणि खिसा दोन्ही एका बैठकीत वीसच्या पुढे जाऊ देत नाहीत.

पहिल्या दिवशी पंचवीस यार्डांवर कागदाला लागतंय एवढं बघितलं. मग पन्नासवर. तीन गोळ्या एकमेकींजवळ, पण मध्यापासून चार इंच खाली. इथे नशिबाचा काही भाग नाही, समरूप त्रिकोण आहेत. पन्नास यार्ड म्हणजे १,८०० इंच. माझ्या माशीपासून कड्यापर्यंत अंतर २४ इंच. चार भागिले १,८०० गुणिले २४: ०.०५३ इंच, दीड मिलिमीटरही नाही. गोळी वर हवी तर मागचं कडं वर. कॅलिपरने मोजून तेवढं उचललं. पुढच्या तीन गोळ्या मध्यावर. दहावीच्या भूमितीचा इतका थेट उपयोग नोकरीत अजून झालेला नाही.

चौथ्या बैठकीला शंभर यार्डांवर, बसून, पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या. उभ्याने त्या परातीएवढ्या पसरल्या. त्यावरून माझी मर्यादा ठरली: बसून, टेकू घेऊन, १२५ यार्ड. त्यापुढे चाप ओढायचा नाही. हंटर एज्युकेशनच्या वर्गात एका निवृत्त शिक्षकाने सांगितलं होतं, मर्यादा घरी ठरवा. डोंगरात जनावर समोर आल्यावर माणूस स्वतःशी फार गोड बोलतो.

ऑक्टोबरमध्ये चार दिवस नारिंगी जॅकेट घालून फिरलो. एल्क दिसले, दोनदा. दोन्ही वेळा दोनशे यार्डांपलीकडे. रिकामा परतलो, पाय दुखले, मजा आली.

जानेवारीत कंपनीत ले-ऑफ झाले. एका गुरुवारी सकाळी आमच्या शेजारच्या टीममधल्या नऊ जणांचे लॅपटॉप बंद झाले. त्यात दोघे एच-१बीवाले. नोकरी गेली की या व्हिसावर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. त्यात नवी नोकरी, नाहीतर दुसरी काही कायदेशीर सोय, नाहीतर परत. मी वाचलो. त्या रात्री बायकोने जेवताना विचारलं, "आपलं झालं असतं तर हिचं काय?" हिचं म्हणजे रायफलीचं, हे मला लगेच कळलं.

उत्तर सरळ आहे आणि कडक आहे. साठ दिवस संपले आणि आम्ही इथेच राहिलो तर सशांचा परवाना असूनही उपयोग नाही; बेकायदा राहणाऱ्याला तो अपवाद लागू नाही. रायफल मित्राला देऊन टाकू म्हटलं तर कॉलोरॅडोत खाजगी व्यवहारालाही परवानाधारक दुकानातून बॅकग्राउंड चेक लागतो. त्यात दिवस जातात. सामान बांधायच्या, भाड्याचं घर सोडायच्या, गाडी विकायच्या धावपळीत हे एक काम राहून गेलं तर ते नुसतं राहून गेलेलं काम उरत नाही.

त्या रात्री आजोबांचं वाक्य मला दुसऱ्या बाजूने कळलं. लहानपणी ते हतबल वाटलं होतं. पण दर निवडणुकीला चार मैल चालत जाऊन बंदूक जमा करणारा तो माणूस हतबल नव्हता. त्याला नेमकं माहीत होतं की ही वस्तू कुठल्या कागदावर आपल्या घरात आहे, आणि तो कागद गेला की काय करायचं. इथले माझे सहकारी बंदुकीला हक्क म्हणतात. त्यांच्या राज्यघटनेत तसं लिहिलंय आणि त्यांच्यापुरतं ते खरं आहे. माझ्यासाठी ती सांभाळणूक आहे. घराचं भाडेपत्र, गाडी, नोकरी, आमचं इथलं सगळंच तसं आहे. फरक इतकाच की बाकीच्या वस्तूंवर तारीख दिसत नाही, रायफलीवर दिसते.

आम्ही दोघांनी बसून एक कागद लिहिला. वर दोन तारखा: परवाना संपण्याची, व्हिसाची मंजुरी संपण्याची. खाली क्रम. नोकरी गेली तर पहिल्या आठवड्यात: रायफल आणि उरलेली काडतुसं दुकानात नेऊन विकणे, मिळेल त्या भावाला, घासाघीस न करता. दुकानाचा फोन नंबर. विक्रीची पावती फाईलमध्ये. मला जाता येत नसेल तर कुणाला बोलवायचं, त्याचं नाव. कोड नाही. मी हे लिहीत असताना बायको वाचत होती. तिने पेन घेतलं आणि शेवटच्या ओळीखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ घातली: "विकून येतील ते पैसे तिकिटांत धरणे."

कागद तिजोरीच्या दाराला बाहेरून चिकटवलाय, तिला वाचता येईल असा. १ मार्चला नवा परवाना घेतला आणि वरची पहिली तारीख खोडून पुढच्या वर्षाची लिहिली. दुसरी तारीख तीच आहे.