मट्टांचेरीची सुंठ

कोचीच्या मट्टांचेरी भागात गुजराती रस्त्यावर धर्मनाथ स्वामींचे जिनालय आहे. दुपारी तेथे कबुतरांना दाणे घालतात, तेव्हा थवेच्या थवे शिखराभोवती घिरट्या घालून अंगणात उतरतात. जवळच बाजार रस्त्यावरील जुन्या वखारी आहेत. त्यांतील काहींत आता शोभेच्या वस्तूंची दुकाने थाटली आहेत. उरलेल्यांतून मिरी, वेलदोडे आणि सुंठ यांचा दरवळ येतो.

कच्छ-सौराष्ट्रातून समुद्रमार्गे येथे आलेल्या जैन व्यापाऱ्यांचे सुंठीशी नाते मोठे विलक्षण. ओले आले अनंतकाय म्हणून स्वयंपाकघरात वर्ज्य. तेच वाळले की पेढीवरचा माल आणि घरातले औषध! आल्याचा कंद आपोआप वाळतो, बटाट्यासारखा कुजत नाही. शिवाय सुंठ चिमटीने खायची, वाटीने नव्हे, असे याचे परंपरागत स्पष्टीकरण दिले जाते.

वाळवण्याचे काम मात्र नाजूक. लोखंडाचे डाग पडतात म्हणून साल बांबूच्या धारदार कामटीने खरवडतात. सुगंधी तेल सालीलगतच असते. हात जरा खोल गेला की वास गेलाच. मग धुऊन आठ-दहा दिवस उन्हात पसरतात. 100 किलो आल्याची जेमतेम 20 ते 25 किलो सुंठ उतरते. काही माल चुन्याच्या निवळीत बुडवून पांढरा करतात. दिसायला तो देखणा. घराकरिता बिनचुन्याची, मातकट रंगाचीच सुंठ बरी.

सुंठ आल्याहून तिखट लागते, कारण वाळताना आल्यातील तिखट द्रव्याचे रूप बदलते. मिरी आणि पिंपळी यांच्या जोडीने ती आयुर्वेदाचे त्रिकटू होते. केरळात गूळ घालून तिची ‘चुक्कु काप्पी’ उकळतात. महाराष्ट्रात आमरसावर तूप आणि चिमूटभर सुंठ, बाळंतिणीच्या लाडवांत थोडी अधिक. डोके दुखले तर सहाणेवर उगाळून कपाळाला लेप. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण ज्या घरांत रुळली, तेथे डब्यात सुंठ नाही असे सहसा होत नसे.

मात्र सुंठीला कीड लवकर लागते, आणि अहिंसा पाळणाऱ्या घरात ही चिंता केवळ नुकसानीची नसते. म्हणून चातुर्मासापूर्वी ती कडक उन्हे देऊन बंद डब्यात भरतात. पूड करून ठेवीत नाहीत. लागेल तेव्हा एक कुडी घ्यायची, छिद्र नाही ना हे उजेडात पाहायचे, मोडून आतही पाहायचे आणि मगच सहाणेवर धरायची.