डोळ्यांतला पिवळेपणा

तंजावूरच्या राजवाड्यात, सरस्वती महाल ग्रंथालयात, सरफोजी दुसरे यांच्या काळच्या नेत्ररुग्णांच्या नोंदी जपल्या आहेत. रोग्याचा डोळा कसा होता, काय उपचार केले, पुढे काय झालं, हे त्यांत लिहिलेलं. सोबत रंगवलेली डोळ्यांची चित्रं. औषधांसाठी या राजाने धन्वंतरी महाल उभा केला. मला सगळ्यांत भावतं ते ‘पुढे काय झालं’ हे लिहून ठेवणं.

राजवाड्याजवळच वाढलेल्या माझ्या मावसभावाचे डोळे कॉलेजपासून अधूनमधून पिवळे व्हायचे. घरात काविळीची धास्ती. तिथे कीळानेल्ली म्हणतात ती आपली भुईआवळी. तिचा रस सुरू व्हायचा, तेल-तूप बंद, जेवण अर्धपोटी. इकडे साताऱ्याच्या आत्याने माळ पाठवली होती, गळ्यात घालायची. काही दिवसांनी डोळे निवळत आणि श्रेय कधी रसाला जाई, कधी माळेला.

शेवटी एका डॉक्टरांनी जुने सगळे रिपोर्ट मागवले आणि तारखेवार मांडले. एकूण बिलिरुबिन कधी १.८, कधी २.९, डायरेक्ट मात्र दर वेळी अगदी थोडं. यकृताच्या बाकीच्या चाचण्या नॉर्मल, हिमोग्लोबिन आणि रेटिक्युलोसाइट ठीक, म्हणजे रक्तपेशी अकाली मोडत नव्हत्या. निदान झालं गिल्बर्ट सिंड्रोमचं. फ्रान्समध्ये १९०१ साली ऑग्युस्तँ गिल्बर्ट आणि पिएर लेरबुले यांनी ते मांडलं.

तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं आणि यकृतातलं एक एन्झाइम ते पित्तातून बाहेर जाण्याजोगं, म्हणजे रिपोर्टमधलं ‘डायरेक्ट’, करतं. गिल्बर्टमध्ये हे एन्झाइम जन्मतःच कमी काम करतं. यकृताला त्याने इजा होत नाही, औषधही लागत नाही. ताप, जागरण, अतिश्रम, पाणी कमी पडणं आणि उपास यांनी आकडा चढतो; कारण सरलं की आपोआप उतरतो.

उपास! म्हणजे आम्ही त्याला अर्धपोटी ठेवत होतो, तेच पिवळेपणात भर घालत होतं. माळ काढा, राहू द्या, डोळे निवळणारच होते. पण उतार कशाने पडला, याचा तारखेवार हिशेब घरात कुणीच ठेवला नव्हता. दोनशे वर्षांपूर्वी असा हिशेब त्याच राजवाड्यात ठेवला जात होता, याचं मला फार वाटतं.

आता तो वेळेवर पोटभर जेवतो, पाणी पितो, एकादशी धरत नाही. रिपोर्ट एका फायलीत आहेत आणि नवं औषध सुरू करण्याआधी तो डॉक्टरांना गिल्बर्टचं सांगतो, कारण इरिनोटेकानसारखी कर्करोगाची काही औषधं अशा शरीरात जास्त साठतात. मात्र निदान आहे म्हणून प्रत्येक पिवळेपणा त्याच खात्यात टाकायचा नाही, हेही त्याला बजावलंय. लघवी गडद, शौच पांढरट, अंगाला खाज, पोटात दुखणं किंवा डायरेक्ट बिलिरुबिन वाढलेलं दिसलं, तर ते गिल्बर्टचं मानायचं नाही. पित्ताशयातला खडा किंवा हेपटायटिस असू शकतो, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.