तुझं मला, माझं तुला

दुपारची जेवणं उरकून बायका जरा टेकल्या, की बोळात बोहारणीची हाक येई. डोक्यावर भांड्यांची टोपली, काखेला जुन्या कपड्यांचं बोचकं. ती पायरीवर बसली की शेजारच्या दोघी-तिघी आपसूक गोळा होत. मग बराच वेळ जे चाले त्यात पैशाचं नाव कुणी काढत नसे. साडी उजेडात धरली जाई, काठाची जर नखानं खरवडून बघितली जाई, विजारीची बैठक विरली आहे का ते तपासलं जाई. "बाई, हिला दांड घातलाय की!" "अगं, दोनदाच नेसलेली आहे ती!" वर आणखी एक सदरा टाकला जाई, पातेल्याच्या जागी झाकणाचा डबा येई. सौदा अडला की बोहारीण टोपली उचलून चालू लागे, आणि जिन्यापर्यंत गेलेली पुन्हा बोलावली जाई.

या घासाघिशीबद्दल मला मनापासून आदर आहे. बोहारणीला उठून जाता येत होतं आणि घरच्या बाईला साडी परत कपाटात ठेवता येत होती. दोघींच्या हातात 'नको' होतं, म्हणूनच शेवटी आलेल्या 'हो'ला वजन होतं. पुढचं तिचं काम आपण पाहत नसू. मुंबईत हा धंदा करणाऱ्या पुष्कळ बायका गुजराती बोलणाऱ्या वाघरी समाजाच्या. गोळा केलेलं धुवायचं, उसवलेलं शिवायचं, इस्त्री करून जुन्या कपड्यांच्या बाजारात बसायचं. अगदीच फाटकं निघालं तर त्याच्या चिंध्या कारखान्यात यंत्रं पुसायला जात.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत मात्र अदलाबदल येते ती पैशाच्या आधीची अडचण म्हणून. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं 1875 साली ती अडचण नेमकी मांडली. माझ्याकडचं तुला हवं असलं पाहिजे, आणि त्याच वेळी तुझ्याकडचं मला. असा दुहेरी योग क्वचित जुळतो, म्हणून पैसा लागतो. हे खरंच आहे. पण त्या योगाच्या शोधात माणसाला दुसऱ्याच्या घरात काय आहे आणि काय नाही हे जाणून घ्यावं लागतं, आणि मला तेच मोलाचं वाटतं. एकेक बैल असलेले दोन शेतकरी सावड करतात, आज तुझं रान, उद्या माझं, तेव्हा दोघांना एकमेकांच्या जमिनीचा वाफसा पाठ असतो.

हे सांगताना बलुत्याकडे पाठ फिरवून चालणार नाही. वरून पाहिलं तर तीही अदलाबदलच होती. वर्षभर गावाची कामं करायची आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा. पण काम जातीनं ठरवलेलं आणि वाटा देणाऱ्याच्या मनावर. गावकीची कामं करणाऱ्या महाराला बोहारणीसारखं टोपली उचलून चालू लागता येत नव्हतं. दया पवारांनी 1978 साली आपल्या आत्मकथनाला 'बलुतं' हेच नाव दिलं. ज्याला उठता येत नाही त्याच्याशी झालेल्या देण्याघेण्याला अदलाबदल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आज ही जुनी रीत पूर्ण मानानं परत आली आहे ती एका वेगळ्याच ठिकाणी, जिथं पैशाला कायद्यानं बंदी आहे. 1994 च्या कायद्यानं आपल्याकडे अवयवांची खरेदी-विक्री गुन्हा ठरली. समजा, एका घरात नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या. बायको किडनी द्यायला तयार आहे, पण त्याचा रक्तगट बी आणि तिचा ए. दुसऱ्या कुठल्या घरात नेमकं उलटं, आजारी नवरा ए गटाचा आणि देणारी बायको बी गटाची. मग हिची किडनी तिकडे, तिची इकडे. फेलिक्स रापापोर्ट या डॉक्टरांनी 1986 साली ही कल्पना सुचवली, 1991 मध्ये दक्षिण कोरियात ती प्रत्यक्षात आली, आणि 2011 च्या दुरुस्तीनं आपल्या कायद्यानं तिला स्पष्ट जागा दिली. इस्पितळात तिला 'स्वॅप' म्हणतात. जेव्हन्सचा दुहेरी योग इथं रक्तगट आणि प्रतिपिंडं तपासून शोधतात. असे योग जुळवण्याची गणिती रीत बसवणाऱ्या ॲल्विन रॉथ यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते लॉइड शॅप्ली यांच्यासोबत.

शक्यतो चारही ऑपरेशनं एकाच वेळी सुरू करतात. एका घराला किडनी मिळाली आणि मग त्या घरच्या दात्यानं माघार घेतली, तर त्याच्यावर सक्ती कुणालाही करता येणार नाही. योग जुळणंही सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. ओ गटाच्या रुग्णाला ओ गटाचाच दाता लागतो, आणि ओ गटाचा दाता सहसा आपल्याच माणसाला देऊ शकतो, त्यामुळे अदलाबदलीच्या यादीत तो क्वचितच येतो. याद्या इस्पितळाइस्पितळांत विखुरलेल्या राहिल्या, तर ही वाट आणखी लांबते. त्या एकत्र व्हायला हव्यात.

पण त्याहून मोठी काळजी मला दुसरीच वाटते. आपल्याकडे जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका फार जास्त आहेत. बायको, आई, बहीण. प्रेमानं देतात, यात शंका नाही. पण सासर समोर बसलेलं असताना त्यातल्या कितीजणींना 'नको' म्हणता येतं? चांगल्या केंद्रांत दात्याशी नातेवाइकांना बाहेर बसवून बोलतात. तिनं नकार दिलाच, तर घरच्यांना एवढंच सांगतात की तपासण्यांनुसार ती दाता म्हणून योग्य नाही. तिच्या नकाराचा बोभाटा होत नाही, तिला घरी परतून नांदता येतं. ही पद्धत प्रत्येक केंद्रात, प्रत्येक बाईला, तिच्या भाषेत आणि पुरेसा वेळ देऊन मिळाली पाहिजे. कागदावरच्या सहीआधी.